जास्तीचा पीळ

प्रताप नगर, जयपूर
१९ मे २०२४, वैशाख शुद्ध एकादशी

तीर्थस्वरूप सुलोचनाताई यांस,

साष्टांग नमस्कार लिहायचा रिवाज आहे. पण बायकांना शास्त्राने पंचांगच सांगितला आहे, आणि माझा उजवा गुडघा त्यातलंही एक अंग वजा करू पाहतो. तेव्हा चार अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. आज एकादशी, मी उपास धरलेला नाही. साबुदाणा मात्र भिजवला आहे, कारण तुमच्या बंधुराजांना एकादशी फक्त ताटात कळते.

इथे गरम वाऱ्याची लू सुरू झाली. गच्चीवर पापड वाळत टाकावा तर भाजूनच खाली आणावा लागेल. शाळेला सुट्टी लागली, त्यामुळे तिलक नगरची बस आणि सातवी ब या दोन्हींपासून महिनाभर मोक्ष. निलयचा बंगळुरूहून रविवारी फोन असतो. माझं पत्र तो हिंदीच्या चालीवर वाचतो आणि मग 'आई, मतलब काय?' म्हणून विचारतो. फोनवर तुमचा डावा कान माझं ऐकत नाही आणि उजवा ऐकून घेत नाही. म्हणून पत्र. आणि पत्र लिहायला उरलात त्या तुम्हीच.

आता मुख्य वृत्त. दिवाळीत तुम्ही वर्ध्याहून आणलेला पेटी चरखा इतके महिने कपाटावर होता, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथे तो फार शोभत होता. सुट्टी लागायच्या आधी एका रविवारी तो खाली काढला आणि मग काही परत वर गेला नाही. पहिले काही दिवस मी कापसाचा जो अपमान केला तो कापूसच जाणे. कुठे सुतळी, कुठे केस, आणि मधेच गांडूळ गिळलेल्या बेडकासारखी गाठ. पण एका सकाळी काय झालं कोण जाणे. उजवा हात चाक फिरवत होता, डावा कापसाची गुंडाळी, म्हणजे पेळू, धरून हळूहळू मागे येत होता, आणि दोघांच्या मधे, जिथे आत्तापर्यंत काही नव्हतं, तिथे धागा होता. मी हात थांबवून बघतच बसले. अर्थातच तो तुटला.

ताई, मी तीस वर्षं फळ्यावर 'सूत्र' शब्दाची फोड करून दाखवते आहे. कमीत कमी अक्षरं, एकही फुकटचं नाही, वगैरे. पोरं उतरवून घेतात, मीही विसरते. सूत म्हणजे काय ते माझ्या बोटांना आत्ता कळलं. पीळ कमी पडला तर धागा विरतो, जास्त झाला तर स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसतो. बरोबर तेवढाच पीळ द्यायचा असतो, आणि तो किती हे कोणी सांगू शकत नाही. पेळू हातात धरला की सशाचा कान धरल्यासारखं वाटतं. ज्या सळईवर सूत गुंडाळतं ती चाती एकसारखी कुरकुरत असते. त्या आवाजात सातवी ब विरघळते, भाजीवाल्याशी घातलेला वाद विरघळतो, आणि डोक्यात फक्त पुढचा हातभर धागा उरतो. शिवाय यातून काही निष्पन्न व्हायचं नाही, हे तर परमसुख. महिनाभर कातून फार तर एक नाक पुसायचा रुमाल होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही करते आहे ज्याचा तपासनीस येणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी देवरामजी रजया भरतात. त्यांच्याकडे थोडा पिंजलेला कापूस मागायला गेले तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मैडम, रजई भरवाओ, ओढ़ो, सो जाओ. धागा तो बाज़ार में मिलता है." मी म्हटलं, झोप बाजारात मिळत नाही ना. त्यांनी कापूस दिला, पण माझ्याविषयीचं मत काही बदललेलं दिसलं नाही.

आणि आता खरी गंमत. तुमच्या बंधुराजांनी आधी माझी यथेच्छ थट्टा केली. नंतर, मी अंघोळीला गेले असताना, 'सहज' बसून पाहिलं. आता ड्यूटीवरून आले, झोप काढली, की चरखा त्यांच्याकडे आणि मी प्रेक्षकांत. त्यांचं सूत माझ्यापेक्षा सरस निघतं, हे लिहिताना माझी लेखणी अडखळते आहे याची नोंद घ्यावी. इंजिन चालवणाऱ्याचा हात आहे तो. चाक ना घाईने फिरतं ना रेंगाळतं. घरात इंजिन कमी होतं म्हणून की काय! तुम्हाला ठाऊकच आहे, गाडी चालवताना सिग्नल दिसला की ड्रायव्हरने मोठ्याने त्याचा रंग म्हणायचा आणि शेजारच्या असिस्टंटने तोच पुन्हा म्हणायचा, असा यांचा नियम असतो. टोंक रोड ओलांडतानासुद्धा हे 'हिरवा' म्हणतात आणि मी 'हिरवा' म्हणेपर्यंत पाऊल उचलत नाहीत. भर बाजारात लोक बघतात.

कातताना मात्र एकाग्रता अशी की काय सांगू. हाक मारावी तर ऐकू जात नाही. शेजारच्या प्रतिमाजी परवा दही मागायला आल्या, यांना 'नमस्ते भाईसाहब' म्हणाल्या, उत्तर नाही. त्यांनी तिथेच हात जोडले आणि मला हळूच म्हणाल्या, "भाईसाहब तो ध्यान में हैं." म्हणजे आम्ही आयुष्यभर पाठ केलेलं ध्यान रेल्वेच्या ड्रायव्हरला चरख्यावर फुकट मिळालं.

एक तक्रार आहे. पेळूंच्या या खेपेत काहीतरी खोट असावी. यांच्या सुतात मधे मधे विचित्र पीळ पडतो. चांगलं सरळ सूत चाललेलं असतं आणि मधेच अळ्या-अळ्या, कुरळं. माझ्या सुतात गाठी आहेत, त्या माझ्या स्वतःच्या, त्यांचं श्रेय पेळूला देत नाही. पण हे वेगळं आहे. हवा कोरडी आहे म्हणून असेल का? मी ओलं फडकं जवळ ठेवून पाहिलं, फरक नाही. यांच्या सुताची एक लड सोबत पाठवते आहे. तुम्ही जन्मभर कातत आलात, बघून सांगा.

बाकी सगळं ठीक. तसं ठीकच.

तुमची, मक्तेदारी गमावलेली,
विनया


प्रताप नगर, जयपूर
८ जून २०२४

ती. सुलोचनाताई,

नमस्कार. तिथी पाहिलेली नाही.

मंगळवारी तुमचा फोन आला तेव्हा हे शेजारच्या खोलीत होते. दोन खोल्यांचं घर आणि यांचे कान ड्रायव्हरचे, म्हणून मी जे बोलले ते बोलले. तुम्ही विचारलंत, "कातणारा मधेच उठून जातो का?" मी म्हटलं, हो हो, चहाला उठतात. तुम्ही म्हणालात, "उठला तर चाक थांबेल गं. हे चाक थांबलेलं नाही. डावा हात थांबला आहे आणि उजवा फिरवतच राहिला आहे. एवढा पीळ त्याशिवाय चढत नाही." मी पावसाचं काय म्हणता, असं विचारलं. तुम्ही पावसाचं सांगितलंत. मला एक शब्द आठवत नाही.

ते उठत नाहीत, ताई.

गुरुवारी सकाळी हे कातायला बसले आणि मी मुद्दाम समोर गवार मोडत बसले. दोन-चार धागे नेहमीसारखे सुरेख निघाले. मग डावा हात वाटेतच थांबला. पेळू बोटांत, कोपर अर्धवट मागे आलेलं, एखाद्याने बोलता बोलता वाक्य सोडून द्यावं तसं. उजवा हात फिरतच होता. त्याच चालीने, ना घाई ना रेंगाळणं. डोळे उघडे होते आणि सुतावरच होते, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. ओठ जरासे हलत होते, काहीतरी चाखल्यासारखे. मी 'अहो' म्हटलं. मग 'सतीश' म्हटलं, आणि या नावाने मी त्यांना घरात कधी हाक मारत नाही. धागा कडक झाला, थरथरायला लागला आणि तुटला. तरी हात थांबला नाही. रिकामी चाती फिरत राहिली. कुरकुर, कुरकुर. ज्या आवाजावर मी तुम्हाला एवढा मोठा परिच्छेद लिहिला, तोच आवाज.

मग पापणी लवली. यांनी तुटलेल्या धाग्याकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ताईचे पेळू खराबच आहेत. पाहून राहिली ना?"

मी म्हटलं, हो. आणि गवार मोडत राहिले. नंतर पाहिलं तर शेंगांचा भुगा झाला होता, भाजी करण्याजोगं काही उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, घाबरू नको, इंजिनात शेजारी असिस्टंट असतो. मीही आधी तेच म्हटलं. शिवाय इंजिनात एक यंत्र असतं, यांनीच मला कितीदा कौतुकाने समजावलं आहे. ड्रायव्हरने बराच वेळ कशालाच हात लावला नाही तर दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही त्याने बटण दाबलं नाही तर गाडी आपोआप थांबते. म्हणजे माणूस झोपला, मेला, तरी गाडीला कळतं. गुरुवारी दुपारपर्यंत मी या यंत्राला धरून बसले होते. मग स्वयंपाकघरात तेही हातातून सुटलं.

कारण उजवा हात थांबत नाही, ताई. वर्षानुवर्षं जे केलं ते तो मालक घरात नसतानाही करतो. चाक दिलं तर चाक फिरवतो. बटण दिलं तर बटण दाबेल. दिवा लागेल, हात दाबेल. यंत्राला वाटेल ड्रायव्हर जागा आहे. प्रतिमाजींना वाटलं ध्यान चाललं आहे, तसंच. आणि असिस्टंट म्हणजे काल आलेला पोरगा, यांना 'सर' म्हणतो, यांच्या पायाला हात लावतो. सर क्षणभर गप्प राहिले तर तो सरांना हलवून विचारणार आहे थोडाच.

ते आत्ता गाडीवर आहेत. डबे भरलेले असतील, सुट्ट्यांचे दिवस आहेत. लोक वरच्या बर्थवर झोपले असतील, कोणी पुरीभाजी सोडली असेल, कोणी पोराला खिडकीतून मोर दाखवत असेल. आणि पुढे एका खुर्चीत आमचे हे. दुपार कशी सरावी कळत नाही. शेजारी टीव्हीवर बातम्या लागल्या की मी खिडकी लावून घेते, आणि खिडकी लावली की काय सांगत असतील म्हणून पुन्हा उघडते. फोन वाजला की आधी त्याच्याकडे नुसती बघते. आज सकाळी गॅस एजन्सीवाल्याने मला दोनदा 'हैलो' म्हणायला लावलं. आमची स्कूटरची किल्लीही मी 'हरवली' आहे. ती तांदळाच्या डब्यात आहे, आणि ते बसने गेले. निदान ड्रायव्हरांनी हजेरी लावायची ती लॉबी, तिथपर्यंतचा रस्ता तरी. हा माझा पराक्रम! स्कूटर थांबवली आणि आगगाडी सोडली.

तुम्ही विचाराल, तोंड नव्हतं का? होतं. काल रात्रीच्या जेवणाला ठरवूनही बसले होते. हे वरणात भात कालवत म्हणाले, "विनू, बावन्न-त्रेपन्नला लोक चष्मे लावून राहिले, गोळ्या खाऊन राहिले, मी आजवर एक लाल ओलांडला नाही." लोक मुलांचं सांगतात तसं ते हे सांगतात. मी म्हटलं, लोणचं वाढू का.

एकदा डॉक्टरने लिहिलं की इंजिनावरून उतरवतात, टेबलाचं काम देतात. त्याचं मला काही नाही, टेबलं काय वाईट असतात? पण आधी मला ते त्यांना सांगावं लागेल, आणि ऐकताना ते माझ्याकडे बघतील. शिवाय सांगितलं की मग त्या गोष्टीला नाव पडेल. मी नावांची बाई आहे, ताई, जन्मभर पोरांना प्रत्येक वस्तूची चार-चार नावं पाठ करायला लावली. या एकाच वस्तूचं एकही नाव मला नको आहे.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न, आणि तो मी लग्नानंतर कधी विचारला नाही. मामंजींची 'समाधी' लागायची, असं सगळे सांगतात. कातता कातता लागायची. जेवताना लागायची. घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण बाबा समाधीत आहेत. आणि कालव्याच्या पुलावरून ते सायकलसकट पाण्यात गेले तेव्हाही सगळे म्हणाले, नामस्मरणात गेले, पुण्यवान. मी तेव्हा नवी सून होते, आणि संस्कृत शिकलेली, त्यामुळे मला तर ते फारच पटलं. धारणा, ध्यान, समाधी असा क्रम मी परीक्षेत लिहिला होता. तुम्ही त्यांच्याजवळ बसून कातायला शिकलात. तुम्हाला ठाऊक असेल.

समाधीत हात फिरत असे का?

उत्तर फोनवर नको. लिहून पाठवा.

तुमची, किल्ल्या लपवणारी,
विनया


प्रताप नगर, जयपूर
३० जून २०२४

प्रिय ताई,

'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही फार जवळच्या वाटलात. तेव्हा आजच्यापुरतं असंच.

तुमचं पार्सल मिळालं. मामंजींची शेवटची लड तुम्ही इतकी वर्षं देवघरात ठेवली होती, तिला हळदीकुंकू लागायचं, हे मला माहीत होतं. ती तुम्ही सोडून पाहिलीत, याचं धैर्य मला अजून मोजता आलेलं नाही. आणि सोबतच्या कागदावर एकच ओळ: 'बाबा समाधीत जात नव्हते गं.' मी ती ओळ वाचली आणि चपला न घालता गच्चीवर गेले. तळवे भाजल्यावर कळलं.

त्या दिवशी यांना सुट्टी होती. मी दोन्ही लडी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी सोडून ठेवल्या, एक पिवळी पडलेली, एक पांढरी. भाषण तयार होतं. उपक्रम होता, उपसंहार होता. ते चहा घेऊन आले, बसले, आणि मला काही बोलावंच लागलं नाही. ते आता कातणारे आहेत ना. त्यांनी आधी पिवळी लड बोटांतून सरकवली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. सरळ, सरळ, आणि मग कुरळं आलं की बोटं थांबायची. मग पांढरी घेतली. तीत बोटं थांबण्याच्या जागा जास्त होत्या.

"हे बाबांचं?"

मी मान हलवली.

"आणि हे माझं."

चहावर साय आली. मला वाटलं आता रागावतील, पेळूंना बोल लावतील, आणि मी मनात देवाला म्हणत होते की त्यांनी पेळूंना बोल लावू नये, आणि त्याच वेळी हेही म्हणत होते की लावावा, आणि मला ते पटावं.

मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मागच्या महिन्यात मी असिस्टंटला विचारलं, फुलेरा स्टेशन कधी येऊन राहिलं? तो हसला. म्हणाला, सर, फुलेरा तो निकल गया. आपने ही तो सिग्नल बोला." आणि म्हणाले, "मी बोललो म्हणे. हिरवा म्हणालो म्हणे. मला माहीत नाही, विनू. तो हिरवाच होता का, हे मला माहीत नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझ्याआधीपासून. एका छपराखाली आम्ही दोघं एकाच गोष्टीला भीत होतो, आणि मी त्यांना लोणचं वाढत होते.

तेवढ्यात फोन वाजला. लॉबीचा. संध्याकाळच्या गाडीसाठी बोलावणं. इतक्या वर्षांत या फोनला 'आलो' याशिवाय दुसरं उत्तर गेलेलं नाही. निलयच्या मुंजीच्या दिवशीसुद्धा नाही, ते तुम्ही पाहिलंत. फोन वाजत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. डोळे उघडे, हात टेबलावर. मला वाटलं, पुन्हा गेले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हात आता आपोआप फोन उचलेल आणि तोंड आपोआप 'आलो' म्हणेल. मी उठून त्यांचा उजवा हात धरला. घट्ट, चाक धरून थांबवावं तसा.

ते म्हणाले, "सोड. मी आहे."

आणि फोन उचलून म्हणाले, "सिक लिखो मुझे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं, बुखार नहीं है. गाड़ी नहीं चला सकता."

बस्स, एवढंच. मग फोन उलटा ठेवला आणि गार चहा साय न काढता पिऊन टाकला. त्यांना साय आवडत नाही, ताई.

त्यानंतर दवाखाने. डोक्याला जागोजाग तारा चिकटवून कागदावर रेघा काढल्या. रेघा वर-खाली, मधेच कुरळ्या. यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि तंत्रज्ञ मुलीला म्हणाले, "बेटा, इससे अच्छा तो मैं कातता हूँ." ती हसली. मीही हसले, आणि मग बाहेर जाऊन बाकावर बसले. डॉक्टर वयाने लहान आहेत, शांत बोलतात. त्यांनी त्या गोष्टीला एक नाव दिलं. ते मी अजून तोंडाने उच्चारलेलं नाही, पण चिठ्ठीवर स्पेलिंग चुकलेलं आहे हे मात्र माझ्या लक्षात आलं; सवय. ते म्हणाले, पुष्कळदा हे गोळ्यांनी आटोक्यात राहतं. 'पुष्कळदा' या शब्दावर मी काही रात्री काढल्या आहेत. आत दुसरं काही आहे का हे पाहायला डोक्याची छायाचित्रंही काढली, त्यांचा अहवाल परवा यायचा आहे. मामंजींचं कोणी काही काढलं नव्हतं, फक्त दर्शन घेतलं होतं. म्हणून तुम्हालाही एकदा दाखवून घ्यायला सांगितलं आहे, आणि निलयलाही. निलयला मी फोनवर सांगितलं. तो पहिल्यांदाच 'मतलब' म्हणाला नाही.

इंजिन सुटलं, हे नक्की. त्यांनी गणवेश स्वतः धुतला, इस्त्री केली, आणि कपाटावर चरख्याच्या रिकाम्या जागी ठेवला.

चरखा मात्र सुटलेला नाही. मला वाटलं होतं, आता त्या पेटीकडे बघवणार नाही. उलट दुसऱ्याच सकाळी तेच ती घेऊन बसले. म्हणाले, "हे एक तरी चालवू दे." डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हरकत नाही, फक्त शेजारी कोणीतरी असू द्या. तर माझी नेमणूक झाली आहे. बढती म्हणा. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसते, असिस्टंट बसतो तशी, आणि दर थोड्या वेळाने मोठ्याने म्हणते, "धागा." त्यांनी पुन्हा म्हणायचं, "धागा." त्यांचाच नियम आहे, त्यांनीच मला शिकवला. पण आता म्हणते मी आणि पुन्हा म्हणतात ते, आणि उत्तर आल्याशिवाय मी पुढचा श्वास घेत नाही. नुसतं उत्तरही मी ग्राह्य धरत नाही. तोंड हातासारखंच वागू शकतं, फुलेऱ्याला वागलं. म्हणून मी त्यांचा डावा हात बघते. तो मागे सरकत असला तर माणूस घरात आहे.

मधे मधे धागा तुटतो. ते चुकचुकतात, पेळू पुन्हा चातीला लावतात, मला म्हणतात, "हसून काय राहिली?" मी हसत असते खरी. साधं तुटलेलं सूत मला आता फार आवडतं. जाग्या माणसाच्या हातूनच ते तसं तुटतं.

तुम्हाला मामंजींची लड परत पाठवते आहे. देवघरात ठेवा, ठेवायला हवीच, हळदीकुंकूही लावा. कुरळ्या जागा मी सरळ केलेल्या नाहीत. नवे पेळूही पाठवा. आधीच्यांत काही खोट नव्हती, त्यांची मी क्षमा मागते.

परवाचं परवा. पत्र इथे थांबवते, कारण आतून चाकाचा आवाज येतो आहे आणि मी इथून 'धागा' म्हटलं आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
तुमची विनया